नागपूरहून परतलेला शिक्षक, आठवड्याला दहा डॉलर आणि मतदानाचा हक्क: काय होती अमेरिकेतली 'स्निक' ही विद्यार्थी संघटना?

डिसेंबर १९५५. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये २७ वर्षांचा एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण होता. नाव जेम्स लॉसन. मेथडिस्ट चर्चतर्फे तो इथे आला होता. कॉलेजच्या मुलांमध्ये काम करायचं, त्यांना खेळाचं प्रशिक्षण द्यायचं आणि उरलेल्या वेळात गांधीजींचा सत्याग्रह समजून घ्यायचा, असा त्याचा दिनक्रम. त्याआधी सैन्यात जायला नकार दिला म्हणून तो अमेरिकेत तुरुंगवासही भोगून आला होता.

एके दिवशी 'नागपूर टाइम्स'मध्ये त्याने एक बातमी वाचली. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला होता. नेतृत्व करत होता मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री. आपण जे शिकायला इतक्या लांब आलो, ते आपल्याच देशात सुरू झालंय, हे लॉसनच्या लक्षात आलं. १९५६ मध्ये तो मायदेशी परतला. पुढे किंग यांची भेट झाली. त्यांनी सांगितलं, दक्षिणेत या, तिथे तुमची गरज आहे.

लॉसन नॅशव्हिल शहरात गेले आणि विद्यार्थ्यांची शिबिरं घ्यायला लागले. त्या शिबिरांतून आणि त्यांच्यासारख्याच इतर गटांतून १९६० मध्ये एक संघटना उभी राहिली. 'स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी', म्हणजे विद्यार्थ्यांची अहिंसक समन्वय समिती. इतकं लांब नाव कोण घेणार? सगळे तिला 'स्निक' म्हणायचे.

त्या काळी अमेरिकेत नेमकं काय चालू होतं?

गुलामगिरी संपून जवळपास शंभर वर्षं झाली होती. १८७० च्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून कुणाचाही मताचा हक्क नाकारता येणार नाही, असं म्हटलं होतं. पण दक्षिणेकडच्या राज्यांत हे सगळं कागदावरच होतं. शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. दुकानात पैसे देऊन वस्तू घेता यायची, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर कृष्णवर्णीय माणसाला बसता यायचं नाही.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबोरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या अशाच एका काउंटरवर जाऊन बसले. कॉफी मागितली. मिळाली नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी आणखी मुलांना घेऊन परत आले. दोन महिन्यांत हे लोण दक्षिणेतल्या पन्नासहून जास्त शहरांत पोहोचलं.

नॅशव्हिलची मुलं वेगळी का ठरली?

कारण त्यांची तयारी आधीच झालेली होती. लॉसन यांच्या शिबिरात मुलं चक्क अपमान सहन करण्याचा सराव करायची. काही जण खुर्चीवर बसायचे आणि बाकीचे त्यांना शिव्या द्यायचे, केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचे. मारहाण झाली तर डोकं कसं वाचवायचं, हेही शिकवलं जायचं. उलट हात उचलायचा नाही, काउंटरकडे तोंड करून ताठ बसायचं, असे नियम लिहून वाटले होते.

२७ फेब्रुवारीला याची परीक्षा झाली. गोऱ्या टोळक्यांनी बसलेल्या मुलांना मारलं. पोलीस आले आणि त्यांनी मार खाणाऱ्यांनाच अटक केली. लगेच दुसरी तुकडी येऊन त्याच जागांवर बसली. तिलाही अटक झाली, मग तिसरी आली. दिवसभरात ८० च्या आसपास विद्यार्थी आत गेले. दंड भरून सुटण्यापेक्षा त्यांनी तुरुंग पत्करला. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं. पण १० मे १९६० पासून नॅशव्हिलमधल्या दुकानांची काउंटरं सगळ्यांसाठी उघडू लागली.

मग संघटना कशी बनली?

त्याचं श्रेय एला बेकर यांचं. वय ५६, चळवळीचा अनुभव दांडगा. किंग यांच्या संघटनेत त्या काम करत होत्या. वेगवेगळ्या शहरांतली ही मुलं एकमेकांना ओळखतही नाहीत, हे पाहून त्यांनी एप्रिल १९६० मध्ये रॅली शहरातल्या शॉ विद्यापीठात सगळ्यांना एकत्र बोलावलं.

मोठ्या संघटनांना वाटत होतं, या मुलांनी आपली विद्यार्थी शाखा व्हावं. बेकर यांनी मुलांना सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा. मुलांनी स्वतंत्र राहायचं ठरवलं. उद्दिष्टांचा मसुदा लिहिला लॉसन यांनी. एका मोठ्या नेत्यामागे सगळ्यांनी चालायचं, ही पद्धत बेकर यांना पटत नव्हती. गावातल्या साध्या माणसाला स्वतःचा नेता होता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पुढे 'स्निक'चं सगळं काम याच सूत्रावर चाललं.

'स्निक'ने कोणती आंदोलनं केली?

फ्रीडम राइड, १९६१. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या बसमध्ये वंशभेद बेकायदा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं. पाळत कुणीच नव्हतं. 'कोअर' या दुसऱ्या संघटनेने मे १९६१ मध्ये गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रवाशांना एकत्र बसवून बस दक्षिणेत पाठवल्या. अलाबामात एक बस जाळण्यात आली, दुसरीतल्या प्रवाशांना बेदम मारहाण झाली. आता हे सगळं थांबणार असं वाटत असताना नॅशव्हिलची विद्यार्थिनी डायन नॅश हिने पुढच्या तुकड्या उभ्या केल्या. निघण्याआधी काही मुलांनी मृत्युपत्रं लिहिली होती. मिसिसिपीत ३०० हून जास्त जणांना अटक झाली, अनेकांना पार्चमनच्या कुप्रसिद्ध तुरुंगात डांबलं. शेवटी सरकारला नवे नियम काढावे लागले आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून ते लागू झाले.

मतदार नोंदणी, १९६१ पासून. 'स्निक'चं सगळ्यात मोठं काम हेच आणि सगळ्यात कमी दिसणारंही हेच. मिसिसिपीत मताधिकाराच्या वयातल्या कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची नावं मतदार यादीत होती. नाव नोंदवायला गेलं की राज्यघटनेतलं एखादं कलम समोर ठेवायचं आणि म्हणायचं, याचा अर्थ लिहा. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार तिथला गोरा कारकून. त्यातही अर्ज केलेल्यांची नावं दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापली जायची. म्हणजे मालकाला कळणार, घरमालकाला कळणार आणि रात्री दारावर येणाऱ्यांनाही कळणार.

फॅनी लू हॅमर यांचंच उदाहरण घ्या. कापसाच्या मळ्यावर १८ वर्षं काम केलेली ही बाई ऑगस्ट १९६२ मध्ये नाव नोंदवायला गेली आणि त्याच दिवशी तिला मळ्यावरून हाकलण्यात आलं. पुढच्या वर्षी पोलीस कोठडीत इतकी मारहाण झाली की ते दुखणं आयुष्यभर राहिलं. त्या 'स्निक'च्या कार्यकर्त्या झाल्या.

गावात राहून हे काम करणाऱ्या मुलांना आठवड्याला १० डॉलर मिळायचे. राहायचं गावकऱ्यांकडे, जेवायचं त्यांच्याच घरी. त्यांना आसरा देणाऱ्यांची किंमत मोठी होती. मिसिसिपीतले शेतकरी हर्बर्ट ली यांना सप्टेंबर १९६१ मध्ये दिवसाढवळ्या गोळी घातली गेली. गोळी घालणारा राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य होता. त्याच्यावर खटला चालला नाही. खरं बोलायला तयार झालेले साक्षीदार लुईस ॲलन यांचाही जानेवारी १९६४ मध्ये खून झाला.

फ्रीडम समर, १९६४. कृष्णवर्णीय माणूस मेला तर देश ढिम्म राहतो, हे तोवर मुलांना कळून चुकलं होतं. म्हणून इतर संघटनांना सोबत घेऊन उत्तरेतल्या सुमारे हजार विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात मिसिसिपीत आणायचं ठरलं. त्यातले बहुतेक गोरे, चांगल्या घरचे. त्यांच्यामागे कॅमेरे येतील, हा हिशोब होता. हा हिशोब संघटनेतल्याच अनेकांना खुपत होता.

२१ जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तीन कार्यकर्ते बेपत्ता झाले. ठरलेल्या वेळेत त्यांचा फोन आला नाही, तेव्हा सहकाऱ्यांनी एकेका तुरुंगात फोन लावायला सुरुवात केली. ४ ऑगस्टला मातीच्या धरणाखाली तिघांचे मृतदेह सापडले. शोध चालू असताना नदीत दोन कृष्णवर्णीय तरुणांचेही मृतदेह मिळाले. ते मे महिन्यापासून बेपत्ता होते आणि देशाने त्याची दखलही घेतली नव्हती. तिघांच्या खुनाबद्दल मिसिसिपी राज्याच्या न्यायालयात पहिली शिक्षा झाली २००५ मध्ये, म्हणजे ४१ वर्षांनी.

त्या उन्हाळ्यात सुमारे १७,००० कृष्णवर्णीयांनी नाव नोंदवण्याचा प्रयत्न केला. अर्ज मंजूर झाले सुमारे १,६००. पण त्याच काळात ४० हून जास्त 'फ्रीडम स्कूल' सुरू झाल्या. चर्चमध्ये, अंगणात, झाडाखाली भरणाऱ्या या शाळांत नागरिकाचे हक्क आणि स्वतःच्या समाजाचा इतिहास शिकवला जायचा.

सोशल मीडिया नसताना बातमी बाहेर कशी जायची?

'स्निक'ने यासाठी वेगळी यंत्रणाच उभी केली होती. ठरावीक रक्कम भरून लांब पल्ल्याचे हवे तितके कॉल करता येतील, अशी टेलिफोन लाइन त्यांनी घेतली. गावात अटक झाली, कुणाचं घर जाळलं, की लगेच अटलांटातल्या मुख्य कार्यालयात फोन. तिथे माहिती टाइप व्हायची आणि पत्रकार, सरकारचं न्याय खातं, मदत करणारे गट या सगळ्यांना कळवली जायची. संघटनेचे स्वतःचे छायाचित्रकार होते, संशोधन विभाग होता. 'फ्रीडम सिंगर्स' हा गट देशभर गाणी गाऊन पैसे जमवायचा. ग्रीनवूड परिसरात नोंदणीचा राग म्हणून प्रशासनाने गरिबांना मिळणारं सरकारी धान्य बंद केलं, तेव्हा याच जाळ्यातून उत्तरेकडून अन्न आणि कपडे आले.

कायदा बदलला का?

बदलला. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातल्या सेल्मा शहरात सुमारे ६०० लोकांचा मोर्चा पुलावर आला आणि पोलीस त्यांच्यावर तुटून पडले. पुढच्या रांगेत 'स्निक'चा अध्यक्ष, २५ वर्षांचा जॉन लुईस होता. त्याची कवटी फुटली. खरं तर संघटनेने अधिकृतपणे मोर्चात जायचं नाही असं ठरवलं होतं, लुईस स्वतःच्या जबाबदारीवर गेला होता. ती दृश्यं टीव्हीवर देशाने पाहिली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. १९६७ पर्यंत मिसिसिपीतली कृष्णवर्णीयांची नोंदणी सुमारे ६० टक्क्यांवर गेली.

सेल्माचा पूल सगळ्यांना आठवतो. पण 'स्निक'ची माणसं त्या गावात दोन वर्षं आधीपासून दारोदार फिरत होती, हे फारसं सांगितलं जात नाही.

मग 'स्निक' संपली कशी?

मार खाऊन खाऊन मुलं थकली होती. १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात हॅमर आणि त्यांचे सहकारी मिसिसिपीचे खरे प्रतिनिधी म्हणून जागा मागायला गेले, तेव्हा ६८ जणांना मिळून फक्त दोन जागा देऊ केल्या गेल्या. त्यांनी त्या नाकारल्या. या अनुभवानंतर अहिंसेवरचा आणि गोऱ्या मित्रांवरचा अनेकांचा विश्वास उडाला. संघटनेतल्या महिलांनी आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीवर बोट ठेवलं. १९६६ मध्ये स्टोकली कारमायकल अध्यक्ष झाले, 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा गाजली आणि वर्षअखेरीस गोऱ्या सदस्यांना बाहेर काढण्याचा ठराव झाला. देणग्या आटल्या, एफबीआयने पाळत ठेवून फूट पाडण्याचे प्रयत्न केले. १९६९ मध्ये नावातला 'अहिंसक' हा शब्दही गेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला संघटना विरून गेली.

तिचा वारसा काय?

जॉन लुईस ३३ वर्षं अमेरिकन संसदेचे सदस्य होते. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं. जेम्स लॉसन २०२४ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. मतदान हक्क कायद्यातली एक महत्त्वाची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली, त्यामुळे तो वाद आजही चालू आहे.

आणि एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. अलाबामातल्या लाउन्स परगण्यात सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय, पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यापैकी एकही नाव नव्हतं. तिथे 'स्निक'च्या मदतीने लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. अनेकांना वाचता येत नसल्याने पक्षाला चित्राची निशाणी लागायची. आपल्याकडे निवडणूक चिन्ह असतं, तसंच. त्यांनी निवडला काळा चित्ता, म्हणजे ब्लॅक पँथर. ती निशाणी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतली. आणि त्या पक्षाच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली.

नागपुरात सत्याग्रह शिकून एक माणूस अमेरिकेला गेला आणि काही वर्षांनी तिथली एक निशाणी मुंबईत आली. मधल्या काळात मिसिसिपीच्या कच्च्या रस्त्यांवर विशी-बाविशीची मुलं एकेक दार वाजवत होती. आत बसलेल्या माणसाला ती एकच गोष्ट विचारायची: उद्या आमच्यासोबत नाव नोंदवायला याल का? बहुतेक जण नाही म्हणायचे. मुलं दुसऱ्या दिवशी परत जायची.