शाळाखात्यातील गंगाधरपंत

रत्नागिरीस आलेला पाहुणा टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान पाहिल्यावाचून सहसा परतत नाही. २३ जुलै १८५६ ही तारीख आपल्या मुलांनाही पाठ असते. परंतु ते बिऱ्हाड ज्यांच्या शाळेतील नोकरीवर चालत होते, त्या गंगाधरपंतांविषयी आपण फारसे बोलत नाही.

गंगाधर रामचंद्र टिळक हे दापोलीजवळच्या चिखलगावचे. जन्म १८२० चा. इंग्रजी शिकण्याच्या ओढीने ते पुण्यास पायी गेले. पण १८३७ मध्ये आई वारली, विरक्त होऊन वडील घर सोडून गेले आणि धाकट्या भावंडांचा भार सतरा वर्षांच्या मुलावर पडला. शिक्षण तेथेच थांबले. दरमहा ५ रुपयांवर ते मराठी शाळेत शिक्षक झाले आणि बदल्या होत होत रत्नागिरीस आले.

पदवी नव्हती, पण व्यासंग होता. संस्कृत आणि गणित हे त्यांचे आवडते विषय. मराठीत शिकविण्यास पुस्तके अपुरी, म्हणून त्यांनी त्रिकोणमितीवर व व्याकरणावर स्वतःच पुस्तके लिहिली. बाळने एक श्लोक पाठ केला की ते त्याला एक पै देत, असे सांगतात.

मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते उभे राहिले. वर गोरे इन्स्पेक्टर आणि खाली आपल्याकडील डेप्युटी व त्यांचे मदतनीस अशी रचना झाली. खेड्यातील लोक या साहेबांना ‘डिपोटी’ म्हणत. गावोगाव फिरून हजेरीपट पाहावा, मुलांचे वाचन आणि हिशेब घ्यावेत, पंतोजींच्या कामावर शेरा लिहावा, असे ते फिरतीचे काम. १८६६ मध्ये गंगाधरपंत असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन पुण्यास गेले. पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांत त्यांनी या हुद्द्यावर काम केले. ५ रुपयांच्या मास्तराने केवळ कर्तृत्वावर इथवर मजल मारली होती.

पण या बढतीची दुसरी बाजू आपण बायकांनी तरी विसरू नये. मुलगा व्हावा म्हणून पार्वतीबाईंनी सूर्याची खडतर उपासना केली, अशी आठवण सांगतात. रत्नागिरीचे बिऱ्हाड उचलून त्या पतीबरोबर पुण्यास गेल्या आणि त्याच वर्षी वारल्या. बाळ तेव्हा दहा वर्षांचा. पुढे त्याला काकूंनी मायेने वाढविले. १८७२ मध्ये गंगाधरपंतही गेले. त्याच वर्षी मुलगा मॅट्रिक झाला.

शेरेबुकात साहेबांची सही राहते. ते फिरतीवर असताना चूल, आजारपण आणि मुलांचा अभ्यास कोणी पाहिला, याची नोंद कोठल्याच दप्तरात होत नाही. पार्वतीबाईंचे आणि काकूंचे श्रम त्या नोकरीमागे उभे होते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यातील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. आता या कामावरच्या अधिकाऱ्यास शिक्षणाधिकारी म्हणतात, आणि महाराष्ट्रात स्त्रियाही त्या खुर्चीवर बसतात. ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्या बाई शाळा तपासण्यास निघाल्या म्हणजे त्यांचे घर कोण सांभाळते? भगिनींनो, पुढच्या वेळी जन्मस्थानी गेलात की गंगाधरपंतांची आठवण काढा, पार्वतीबाईंची काढा, आणि हा प्रश्नही घरी येऊन विचारा.