स्टिअरिंग न वळवता धावणारी गाडी

डिझेल इंजिनात तापमान फार चढलं की हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं तयार होतात. यावरचा जुना उपाय गमतीशीर आहे: बाहेर निघालेला थोडा धूर परत इंजिनातच पाठवायचा. त्यात ऑक्सिजन कमी, म्हणून ज्वलन थंडावतं. पण काजळी वाढते, आणि ती परत आत गेली तर टर्बोची वाट लागते. म्हणून फोक्सवॅगनने २००९च्या अमेरिकी जेट्टात हा धूर आधी उत्प्रेरक लावलेल्या काजळीच्या फिल्टरमधून काढला आणि मग त्यातला थोडा आत वळवला.

कागदावर सुंदर. फक्त, धूर जितका जास्त परत फिरवाल तितका फिल्टर लवकर चोंदतो. तो गाडीच्या आयुष्याइतका टिकेना. मग उत्तर कोडमध्ये शोधलं गेलं. गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर आहे असं वाटलं, तर धूर नियमाप्रमाणे फिरवायचा. नाहीतर कमी. एक इफ, एक एल्स.

खटल्याची कागदपत्रं वाचताना मी अडकलो ते २०१२पाशी. रस्त्यावरच्या गाड्यांचे भाग निकामी व्हायला लागले होते. इंजिनिअरांचा अंदाज असा, की गाड्या रस्त्यावरही चुकून 'परीक्षा मोड'मध्येच, म्हणजे प्रामाणिकपणे, चालताहेत. हा बग ठरला! दुरुस्ती म्हणून स्टिअरिंगचा कोन तपासला जाऊ लागला, कारण रोलरवर स्टिअरिंग कुणी वळवत नाही. असं तिकीट माझ्या बोर्डवर आलं असतं, नुसतं 'मोड ओळखण्यात सुधारणा' एवढंच लिहिलेलं, तर मी कदाचित दुपारपर्यंत बंदही केलं असतं.

२०१३मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या तरुण संशोधकांनी मोजणीची यंत्रं डिकीत टाकून कॅलिफोर्नियाचे रस्ते पालथे घातले. त्यांत अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोघं भारतातून शिकायला गेलेले. जेट्टाची ऑक्साइडं मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाली. सप्टेंबर २०१५मध्ये प्रकरण फुटलं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर होतं.

ऑगस्ट २०१७मध्ये डेट्रॉइटच्या कोर्टात जेम्स लियांग उभा राहिला. १९८३पासून त्याच कंपनीत असलेला इंजिनिअर, गुन्हा कबूल केलेला. सरकारी वकिलांनी ३६ महिने मागितले होते. न्यायाधीशांनी ४० दिले.