चेहरा, वस्तरा आणि पन्हाळगड

"मला कोणता कट शोभेल?" हा प्रश्न आजकाल घराघरांत ऐकू येतो. आमच्या घरातले नातू, भाचे, पुतण्याची मुलं मोबाइलवर कुणा खेळाडूचा नाहीतर नटाचा फोटो काढून सलूनवाल्यासमोर धरतात. पोरं चैनीला सोकावली असं म्हणून म्हातारी माणसं नाकं मुरडतात. मला मात्र त्या प्रश्नाचं कौतुक वाटतं. याचं कारण असं की, आपल्या डोक्यावरच्या केसांचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, ही गोष्ट इतिहासात फार अलीकडची आहे. आपल्याकडं तिला शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचं वय नाही.

त्याआधी केस कसे ठेवायचे हे जात ठरवायची, वय ठरवायचं, घरातला जन्म-मृत्यू ठरवायचा. मूल वर्षाचं झालं की जावळ, मुंजीच्या वेळी क्षौर, पुढं जन्मभर शेंडी. कुणाचा घेरा किती मोठा, कुणाचे कल्ले कुठवर, यावरून माणूस कोण, कुठला हे लांबून कळत असे. वडील गेले की मुलाची मिशी उतरायची. 'शोभतं का?' हा प्रश्नच नव्हता. 'चालतं का?' एवढाच होता. शिवाय डोकं कायम पागोट्याखाली, पगडीखाली नाहीतर मुंडाशाखाली. उघड्या डोक्यानं बाहेर पडणं म्हणजे अशुभ नाहीतर असभ्य. म्हणजे लोकांना दिसायच्या त्या फक्त मिशा, दाढी आणि कल्ले.

हे आपल्याच देशात होतं असं नाही. चीन जिंकल्यावर मांचू राज्यकर्त्यांनी १६४५ साली हुकूम काढला, की तिथल्या हान पुरुषांनी डोक्याचा पुढचा भाग तासावा आणि मागं वेणी ठेवावी. न ऐकणाऱ्याला देहदंड होता. केस राखायचे तर डोकं जाणार, डोकं राखायचं तर केस जाणार! जपानमध्ये उलट झालं. तिथं १८७१ साली सरकारनंच सामुराई पद्धतीची शेंडी काढून केस कापायची मुभा दिली आणि नव्या युगाची ती खूण ठरली. राज्य बदललं की आधी डोकी बदलतात, हे दोन्हीकडं खरं झालं.

आता आमच्या गडावर येऊ. मांचूंच्या त्या हुकुमाला पंधरा वर्षं होत होती, तेव्हाची ही गोष्ट. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला. महाराज गडावर अडकले. चार महिने झाले, पावसाळा लागला तरी वेढा ढिला पडेना. अखेर १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, महाराज राजदिंडीच्या वाटेनं निवडक मावळ्यांसह विशाळगडाकडं निघाले. पुढची घोडखिंड आणि बाजीप्रभू ही कथा मराठी मुलाला पाठ असते. वर्गात शिकवताना घोडखिंडीपाशी मुलांचे डोळे मोठे व्हायचे. पण त्याच रात्री दुसरी एक पालखीही निघाली होती. तिच्यात होता गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद. जातीनं नाभिक. परंपरेनं चालत आलेली हकीकत अशी, की त्याचा तोंडवळा महाराजांशी मिळताजुळता होता, म्हणून तो महाराजांचा पोशाख करून पालखीत बसला. पालखी पकडली गेली, छावणीत राजा सापडल्याचा आनंद झाला आणि ओळख पटेपर्यंत महाराजांना मोलाचा वेळ मिळाला. शिवाला तिथंच प्राणाला मुकावं लागलं.

मी या प्रसंगाकडं थोडं वेगळ्या बाजूनं बघतो. महाराजांच्या समकालीन चित्रांत काय दिसतं? डोक्यावर पगडी, कानाजवळ कल्ले, रेखीव मिशी आणि टोकदार दाढी. सुरतेच्या इंग्रज वखारीतल्या एका पाद्र्यानं १६६४ साली त्यांचं वर्णन लिहिलं, त्यात मध्यम उंची, ताठ बांधा, बोलताना हसल्यासारखा चेहरा आणि तीक्ष्ण नजर एवढं येतं. म्हणजे छावणीतल्या, प्रत्यक्ष महाराजांना कधी न पाहिलेल्या माणसाला ओळखायचं ते दाढी, मिशी, कल्ले आणि पोशाख यांवरूनच. दुसऱ्याच्या चेहऱ्याला काय शोभतं हे ज्याच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले, त्यानंच त्या रात्री स्वतःचा चेहरा दुसऱ्याच्या नावे केला. दिसणं या गोष्टीची एवढी मोठी किंमत आणखी कुणी मोजली असेल?

आज गडावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, तसा शिवा काशीदचाही पुतळा आणि समाधी आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात पन्हाळाही आला. आता जगभरातून माणसं येतील. त्यांनी तटबंदी बघावीच, पण या समाधीपाशीही दोन मिनिटं थांबावं असं मला मनापासून वाटतं.

कारण ज्या समाजानं शिवा काशीद दिला, ज्या समाजात सेना महाराजांसारखा संत झाला, प्रतापगडावर महाराजांवरचा वार अडवणाऱ्या जिवा महालाला जो समाज आपला पूर्वज म्हणून मान देतो, त्या समाजाशी आपली भाषा काही बरी वागलेली नाही. एखाद्याची फजिती केली की आपण म्हणतो 'त्याची हजामत केली'. फसवलं की 'बिनपाण्यानं केली'. बारा बलुतेदारांत न्हावी होता, वर्षभर गावाची डोकी आणि दाढ्या सांभाळायचा, आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. लग्नकार्यात त्याच्यावाचून पान हलत नसे. पण मान? तो बेताचाच.

आणि याला आणखी एक काळी बाजू होती, तीही सांगितली पाहिजे. गावच्या न्हाव्यानं दलितांच्या डोक्याला हात लावायचा नाही, हा गावोगावचा दंडक होता. ज्याला हजामतीलाच कुणी बसवून घेत नाही, त्यानं 'मला काय शोभेल' हे कुणाला विचारायचं? विधवा बाईच्या बाबतीत तर सगळंच उलटं. तिची इच्छा नसताना तिच्या केसांवर वस्तरा फिरे. म्हणूनच १८९० सालच्या मुंबईच्या गोष्टीचं मोल मोठं आहे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नानं तिथले नाभिक एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. शास्त्र्यांचे वाद वर्तमानपत्रांत चाललेच होते. पण प्रत्यक्ष वस्तरा ज्याच्या हातात, त्यानंच तो खाली ठेवला. इतिहासाच्या पुस्तकात या घटनेला जेमतेम दोन ओळी मिळतात.

मग हळूहळू काळ पालटला. इंग्रजी शाळा आल्या, पगडी जाऊन टोपी आली, पुढं टोपीही गेली. डोकं उघडं पडलं तसे केस दिसायला लागले, आणि दिसायला लागले म्हणून ते नीट असावेत असं वाटू लागलं. १९०३ साली अमेरिकेत जिलेटचा सुरक्षित वस्तरा बाजारात आला, पहिल्या महायुद्धात तो सैनिकांच्या पिशवीत गेला, आणि मग जगभर माणूस आपली दाढी आपणच करू लागला. आमच्या भागातली फौजेतली मंडळी सुटीवर येत ती बारीक कापलेल्या केसांनी. तो 'सोल्जर कट' पोरांना आवडे. कोल्हापूर पडलं पैलवानांचं गाव. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं केलं. तिथं उतरणाऱ्याचं डोकं बारीकच हवं, नाहीतर केस डोळ्यांवर येणार. तिसरी शाळा सिनेमाची. १९२९ साली प्रभात कंपनी निघाली ती कोल्हापुरातच. पुढं १९५२ साली भालजींच्या 'छत्रपती शिवाजी'त चंद्रकांत महाराज झाले. आज शिवजयंतीला गडावर येणारी पोरं जी दाढी कोरून घेतात, तिच्यात जुन्या चित्रांइतकाच पडद्याचाही वाटा आहे असं मला वाटतं.

आमच्या लहानपणी न्हावी धोकटी घेऊन दारात येत. अंगणात पोत्यावर बसायचं, मान खाली घालायची, आणि आजोबा सांगतील तेवढे केस जायचे. आरसा हातात मिळायचा तो सगळं झाल्यावर. सत्तरच्या दशकात मी मास्तरकीला लागलो तेव्हा वर्गातल्या पोरांचे कान केसांत बुडालेले असायचे. अमिताभची कृपा! तेव्हा गावात सलून आलं होतं, समोर मोठा आरसा होता, आणि आरशात बघत 'इकडून थोडे राहू द्या' असं म्हणायची सोय झाली होती. माझ्या मते खरी क्रांती या आरशानं केली.

तर मूळ प्रश्न, काय शोभेल? चांगल्या कारागिरांचं बोलणं ऐकून ऐकून चार गोष्टी मला समजल्या आहेत. चेहरा गोल असेल तर बाजूचे केस बारीक आणि वर थोडी उंची ठेवावी, चेहरा जरा लांबट दिसतो. चेहरा मुळातच लांब असेल तर वर कोंबडा काढू नये, बाजूला थोडे केस राहू द्यावेत. कान पुढं आलेले असतील तर कानावरचे केस अगदी साफ करू नयेत. कपाळ मोठं असेल तर पुढचे थोडे केस कपाळावर येऊ द्यावेत. केस विरळ झाले की लांब वाढवून टक्कल झाकायचा उद्योग सोडावा, बारीक केलेलेच बरे दिसतात. भांग पाडायचा तो भोवरा कुठं आहे ते बघून, भोवऱ्याशी भांडून केस बसत नाहीत. (दोन भोवऱ्यांची दोन लग्नं होतात म्हणतात. त्याची चिंता सलूनवाल्यावर टाकू नये!) आणि पहिल्या वेळी जरा कमीच कापायला सांगावं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे बिघडलेला कट निस्तरायला दीड-दोन महिने जातात.

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे फोटो दाखवून गप्प बसू नये. फोटोतला चेहरा आपला नसतो. "तुम्हाला काय वाटतं?" असं त्या कारागिराला विचारावं. त्याच्या हाताखालून दिवसाकाठी पंधरा-वीस डोकी जातात, आपल्याला आपलं एकच ठाऊक. आणि बोलताना त्याला 'ए' म्हणून नव्हे, अहो-जाहो म्हणावं.

मंडळी, आपल्या चेहऱ्याची निवड आपण करावी, हा हक्क मिळायला आपल्या माणसांना फार वाट पाहावी लागली. तेव्हा पोरांनो, केस हवे तसे ठेवा. माझी ना नाही. फक्त खुर्चीवर बसाल तेव्हा मागं उभ्या असलेल्या माणसाकडं आरशातून एकदा नीट बघा.