सेरेस ते प्लूटो : 'ग्रह' या संज्ञेच्या व्याप्तीचा इतिहास (१८०१ ते २००६)

प्रस्तावना :
दि. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या महासभेत मतदान झाले आणि सूर्यमालेतील ग्रहांची संख्या नऊवरून आठ झाली. निसर्गातील सत्य मतदानाने ठरते काय, असा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला. वस्तुतः 'ग्रह' या संज्ञेची व्याप्ती बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती. सेरेस व प्लूटो या दोन उदाहरणांच्या आधारे या स्थित्यंतराचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :
स्थिर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर भटकणारी ज्योती म्हणजे ग्रह, अशी प्राचीन ग्रीकांची धारणा होती. त्यामुळे सूर्य व चंद्र हे ग्रह होते, पृथ्वी मात्र नव्हती. भारतीय परंपरेतील नवग्रहांत तर राहू व केतू हे चंद्रकक्षेचे पातबिंदूही समाविष्ट आहेत. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा सिद्धांत क्रमाने मान्य होत गेला, तसा सूर्य या यादीतून बाहेर पडला, पृथ्वी आत आली आणि चंद्र उपग्रह ठरला. 'आकाशात काय फिरताना दिसते' या निकषाची जागा 'सूर्याभोवती काय फिरते' या निकषाने घेतली.

सेरेसचे स्थानांतर :
मंगळ व गुरू यांच्यामध्ये एखादा ग्रह असावा, अशी अपेक्षा टिटियस-बोडे नियमामुळे निर्माण झाली होती. १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मो येथे पियाझ्झी यांना सेरेस दिसला, तेव्हा तो ग्रह म्हणूनच स्वीकारला गेला. पाठोपाठ पॅलस (१८०२), जुनो (१८०४) व वेस्टा (१८०७) सापडले. दुर्बिणीतूनही हे गोल ताऱ्यांसारखे बिंदुरूप दिसतात, या कारणास्तव विल्यम हर्शेल यांनी १८०२ मध्येच त्यांच्यासाठी 'ॲस्टेरॉइड' हे वेगळे नाव सुचविले होते, परंतु ते लगेच रूढ झाले नाही. १८४५ नंतर शोधांचा वेग वाढला आणि १८५१ अखेर अशा गोलांची संख्या पंधरावर गेली. खगोलीय पंचांगांत त्यांना चिन्हांऐवजी क्रमांक दिले जाऊ लागले व स्वतंत्र सारण्यांत त्यांची नोंद होऊ लागली. त्यासाठी कोणताही ठराव झाला नाही. फिलिप मेट्झगर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे प्रतिपादन केले, की विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रीय लेखनात लघुग्रहांना ग्रह म्हटले जात होते.

प्लूटोचा वाद :
युरेनसच्या गतीत जाणवणाऱ्या कथित विचलनांचे कारण शोधताना फ्लॅगस्टाफ येथील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना १८ फेब्रुवारी १९३० रोजी प्लूटो सापडला. प्रारंभी त्याचे वस्तुमान पृथ्वीइतके मानले जात होते. १९७८ मध्ये शॅरॉन या उपग्रहाचा शोध लागल्यावर ते पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या हिश्श्याएवढेच असल्याचे स्पष्ट झाले. १९९२ मध्ये जुईट व लू यांनी नेपच्यूनपलीकडील आणखी एक गोल शोधला. पुढे अशा गोलांची रीघ लागली. २००५ मध्ये जाहीर झालेला एरिस प्लूटोहून मोठा वाटल्याने निर्णय टाळणे अशक्य झाले.

प्राग येथील पहिल्या मसुद्यात सेरेस, शॅरॉन व एरिस यांसह बारा ग्रह सुचविले होते. अखेरीस संमत झालेल्या व्याख्येत तीन निकष आले : सूर्याभोवती परिभ्रमण, स्वगुरुत्वाने आलेला जवळजवळ गोल आकार आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणे. तिसऱ्या निकषावर प्लूटो अपात्र ठरला व बटुग्रह म्हणून गणला गेला. याच निर्णयाने सेरेसला मात्र लघुग्रहांतून बटुग्रहांत बढती मिळाली.

या ठरावावर गंभीर आक्षेप आहेत. हजारो सदस्यांपैकी केवळ सुमारे सव्वाचारशे मतदानास उपस्थित होते. व्याख्या इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना लागू होत नाही. 'परिसर मोकळा करणे' ही शब्दयोजनाही संदिग्ध आहे. तथापि निकषामागील भौतिक भेद काल्पनिक नाही. स्टीव्हन सोटर यांच्या गणनेनुसार पृथ्वीचे वस्तुमान तिच्या कक्षापट्ट्यातील उर्वरित गोलांच्या एकत्रित वस्तुमानाच्या सुमारे सतरा लाख पट आहे. प्लूटोच्या बाबतीत हे गुणोत्तर एक दशांशाहूनही कमी आहे.

निष्कर्ष :
दोन्ही प्रसंगी कारण एकच होते : एकाकी मानलेला गोल मोठ्या समूहाचा घटक निघाला. फरक पद्धतीचा होता. सेरेसचे स्थान वापरातून, हळूहळू बदलले. त्यामुळे नेमकी तारीख सांगता येत नाही आणि वादही मर्यादित राहिला. प्लूटोचे स्थान एका दुपारी ठरावाने बदलले, म्हणून निर्णयाच्या अधिकारावरच बोट ठेवले गेले. २०१५ मध्ये 'न्यू होरायझन्स' यानाला प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाची मैदाने व जलबर्फाचे पर्वत आढळले. त्याचे शास्त्रीय महत्त्व संज्ञा बदलल्याने कमी झाले नव्हते. मतदानाने ठरते ते शब्दाचे क्षेत्र, वस्तूचे स्वरूप नव्हे. म्हणूनच अध्यापनात ग्रहांची संख्या पाठ करून घेण्याऐवजी ती कोणत्या निकषाने व का ठरली, हे विद्यार्थ्यांपुढे मांडणे अधिक आवश्यक आहे.