लाईट बिल जास्त येतंय? आधी मीटर बघा, मग बिल. घरातली वीज नेमकी कुठे जाते ते असं शोधा

उन्हाळा लागला की पारावर एकच विषय असतो. मार्चमध्ये आठशेच्या आसपास आलेलं लाईट बिल मेमध्ये पंधराशेला भिडतं. घरात विचारलं तर "तेवढा कूलरच काय तो जास्त चालला" असं उत्तर मिळतं. मग कुणी म्हणतं मीटर पळतंय, कुणी म्हणतं दर वाढले. दोन्ही शक्यता असतात, नाही असं नाही. पण बहुतेक घरांत गोष्ट वेगळीच असते. वापर दीडपट झालेला असतो आणि बिल जवळपास दुप्पट. असं का होतं, ते एकदा समजून घेतलं तर कुठे काटकसर करायची आणि कुठे उगाच जीव काढायचा नाही, हे आपोआप कळतं.

सगळा खेळ शंभराच्या पुढचा

महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात: 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात, पण एक गोष्ट कायम आहे. 100 नंतरचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटच्या साधारण दुप्पट भावाने पडतं. वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरलं तर अंदाजासाठी 12 रुपये समजा, खालचं 6-7 रुपये.

इथे एक गैरसमज गावोगाव आहे. 101 वं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. पहिली 100 युनिट जुन्याच दराने, फक्त वरची महाग. म्हणून 105 युनिट आली तर घाबरायचं कारण नाही. पण 95 वर असलेलं घर कूलरमुळे 150 वर गेलं, तर ती वरची पन्नास युनिटच बिल फुगवतात. बचत करायची ती याच युनिटांची.

मीटरवरचा लाल दिवा वाचायला शिका

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी "3200 इम्प/केडब्ल्यूएच" असं काहीतरी इंग्रजीत छापलेलं असतं. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आकडा 3200 असेल तर हिशोब सोपा आहे. एका मिनिटात दिवा किती वेळा लागला ते मोजा आणि 19 ने गुणा, तेवढे वॉट त्या क्षणी घरात जळतायत. एकटा जुना पंखा चालू असेल तर मिनिटाला चार वेळा. इस्त्री लावली की पन्नासच्या वर, मोजता मोजता नाकी नऊ येतील.

आता खरी परीक्षा. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीज, इन्व्हर्टर, टीव्ही यांच्या पिना काढा. दिवा शांत व्हायला पाहिजे. आमच्या घरी हे केलं तेव्हा तो मिनिटाला तीनदा लागतच राहिला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शोधता शोधता सापडलं ते गोठ्यात: 60 चा पिवळा बल्ब, दिवसाच्या उजेडात कुणाच्या नजरेत न येणारा, कधीपासून रात्रंदिवस चालू होता देव जाणे. 60 वॉट 24 तास म्हणजे महिन्याला 43 युनिट. तीही सगळी शंभराच्या वरची.

सगळं बंद असून दिवा लागत असेल आणि काही सापडत नसेल, तर वायरिंगमधून वीज झिरपत असू शकते. ओल्या भिंतीतली जुनी वायर, मोटारीची सोललेली केबल, ही नेहमीची ठिकाणं. हे नुसतं बिलाचं नाही, जिवाचं काम आहे. लायसन असलेला वायरमन बोलवा. मेन स्विच पाडल्यावरही दिवा लागत असेल तर मीटरला हात न लावता तक्रार करा.

कोण किती खातं

1000 वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. एवढंच गणित आहे.

कूलर 180 वॉटचा धरा. दहा तास चालला तर रोज 1.8, महिन्याला 54 युनिट. मेचं बिल कुठून आलं ते इथेच कळतं. कूलर बंद करा असं कोण म्हणेल, मराठवाड्यातल्या उन्हात ते शक्यही नाही. पण कूलर खिडकीत, बाहेरची हवा घेईल असा ठेवा आणि समोरचं दार थोडं उघडं राहू द्या. बंद खोलीत कूलर फक्त दमट करतो, मग माणूस स्पीड वाढवतो. जाळ्या क्षारांनी पांढऱ्या झाल्या असतील तर बदला.

जुना पंखा 75 वॉटचा, 14 तास चालला तर महिन्याला 31 युनिट. नवीन बीएलडीसी पंखा तेच काम 30 वॉटमध्ये करतो, म्हणजे 12-13 युनिट. लोड शेडिंगमध्ये इन्व्हर्टरही जास्त वेळ टिकतो. पण तो अडीच-तीन हजारांना येतो. तुमचं घर 100 च्या वर असेल तर उन्हाळ्यात एका पंख्यामागे महिन्याला सव्वादोनशे वाचतील. बिल कायम 70-80 युनिटचं असेल तर आमच्या मते चालता पंखा काढून टाकू नका, तो बिघडल्यावर बघा. मोठ्या डब्याचा जुना रेग्युलेटर असेल तर मात्र बदला. तो पंखा हळू करतो, पण उरलेली वीज स्वतः तापून खातो.

पिवळा 60 चा बल्ब काढून 9 वॉटचा एलईडी लावणं, चोकवाली ट्यूब काढून 20 वॉटची एलईडी ट्यूब लावणं, यात विचार करण्यासारखं काही नाही. आजच करा.

टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट टॉप बॉक्स चालूच राहतो. दहा वॉटचा बॉक्स महिनाभर चालू म्हणजे 7 युनिट, कुणी काही न बघता. फ्रीज भिंतीला चिकटवू नका, चुलीजवळ तर नकोच. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. घरची 1 एचपीची मोटार तासाला जवळपास एक युनिट खाते. फुटव्हॉल्व्ह गळका असेल तर पाणी चढायलाच वेळ लागतो आणि टाकी ओसंडली तर वीजही वाहून जाते. अंघोळीचं पाणी रॉडने तापवत असाल तर 1500 वॉटचा रॉड वीस मिनिटांत अर्धं युनिट घेतो, घरात पाच माणसं असली की हिशोब तुम्हीच करा.

टीओडी मीटर बसला असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत आहे. मोटार, इस्त्री, घरघंटी दिवसा चालवा.

हे विकत घेऊ नका

"प्लगमध्ये लावा, बिल निम्मं करा" म्हणून एक डबी बाजारात आणि मोबाईलवर विकली जाते. तिच्यात साधारण एक कॅपॅसिटर आणि एक दिवा असतो. घरगुती बिल ज्या युनिटांवर लागतं, ती या डबीने कमी होत नाहीत. आकडा टाकणं किंवा मीटरमध्ये खाडाखोड करणं याला तर वीज कायदा 2003 च्या कलम 135 खाली गुन्हा म्हणतात, आणि घरगुती मीटरवर दुकान चालवलं तर कलम 126 लागू शकतं. वाचवलेले पैसे व्याजासह जातात.

बिलच चुकलं असेल तर

दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढून ठेवा. केडब्ल्यूएच अक्षरं दिसतात तोच आकडा हवा. बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग आणि बहुतेक वेळा मीटरचा फोटोही असतो, तो जुळवून बघा. रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल किंवा घर बंद दाखवलं असेल, तर पुढे खरं रीडिंग आल्यावर दोन-तीन महिन्यांची युनिट एकदम पडतात. अशा वेळी टप्पे तेवढ्या महिन्यांचे धरले आहेत का ते विचारा, नाहीतर तुमची स्वस्तातली युनिट महागात मोजली जातील. महावितरणच्या अ‍ॅपवरून स्वतः रीडिंग पाठवायचीही सोय आहे.

तक्रार 1912 वर किंवा अ‍ॅपवर नोंदवा आणि नंबर लिहून ठेवा. जमलं तर उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे कामाला येत नाही. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे.

"आधी पूर्ण भरा, नाहीतर कट करतो" असं ऐकून बरेच जण कर्ज काढून भरतात. कायदा काय सांगतो ते माहीत असू द्या. कलम 56 प्रमाणे लाईट तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यातली जी कमी ती "निषेध नोंदवून" भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि पावती जपा.

राहिलेलं थोडक्यात

बिलावर लवकर भरण्याची एक तारीख असते, त्याआधी भरलं तर सुमारे 1 टक्का सूट मिळते. कागदी बिल बंद करून मोबाईल-ईमेलवर घेतलं तर दर बिलाला 10 रुपये, वर्षाचे 120.

गॅसचं म्हणाल तर डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून कुकरला लावा आणि पहिली शिट्टी झाली की आच मंद करा. ज्योत पिवळी दिसली, भांड्याची बुडं काळी व्हायला लागली की बर्नर साफ करायची वेळ झाली.

स्वतःचं पक्कं छत आणि वर्षभर 100 च्या पुढचं बिल असेल तर पीएम सूर्यघर योजनेचा विचार करा. 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, 3 किंवा जास्त असेल तर 78 हजार रुपये अनुदान आहे. 1 किलोवॅट महिन्याला साधारण 100 ते 120 युनिट देतो. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा, आणि घरी आलेल्या माणसाला आगाऊ रोख देण्याआधी त्याच्या कंपनीचं नाव तिथल्या नोंदणीकृत यादीत आहे का ते बघा.