वायद्याचा सूर्य आणि दारचा सूर्य

१९५५ च्या ऑगस्टात जिनीव्हाच्या अणुपरिषदेच्या अध्यक्षस्थानावरून डॉ. होमी भाभांनी भाकीत केले की, अणूंच्या मीलनातून निघणारी ऊर्जा, म्हणजे सूर्याच्या पोटातलीच ऊर्जा, दोन दशकांत माणसाच्या काबूत येईल. आदल्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा सौर घट दाखविला होता. तो उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग विजेत बदली.

पुढे काय झाले? आजचा घट वीस टक्क्यांहून अधिक ऊन विजेत बदलतो आणि कारखान्याच्या छपरावर बसतो. मीलनाने ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियात इंधनावर पडलेल्या २.०५ मेगाज्यूलांच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल दिले; परंतु त्यासाठी लेसरयंत्राने सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खाल्ली! व्यवहार आतबट्ट्याचाच. फ्रान्समधील ईटर प्रकल्पात भारतही भागीदार आहे. ते संशोधन बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र आजची चूल वायद्यावर पेटत नाही. सूर्य मावळतो हे खरे. पण पाणी वर चढवून वीज राखण्याची युक्ती आपल्या घाटघरला चालू आहेच.

तथापि दारचा सूर्यही फुकटचा नव्हे. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युतेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या; तशाच विजेच्या धरणापासून जमिनी वाचविण्यासाठी १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा पैसा आज उन्हावाऱ्याकडे वळवावा, पण जमीन देणाऱ्याचा व राबणाऱ्याचा वाटा आधी ठरवून. यंत्र कोणतेही असो, हा हिशेब आम्ही मागणारच.