नेमबाजीच्या मैदानावर काय घालायचं, हे कुणी ठरवलं?

आज आपण नेमबाजीबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना बंदुकीशी काय करायचंय? पण गेल्या काही वर्षांत गावोगावच्या मुली कबड्डी, कुस्ती, धावणं आणि नेमबाजीसुद्धा खेळायला निघाल्या आहेत. मुलगी खेळायला निघाली की घरात पहिला प्रश्न येतो तो कपड्यांचा. पॅन्ट घालावी लागेल का? ओढणी चालेल का? लोक काय म्हणतील? फी किती आणि एसटी किती वाजता, हे प्रश्न मागून येतात. म्हणून आम्ही ठरवलं, की ज्या खेळात कपड्यांचे नियम अगदी मेजपट्टी लावून तपासले जातात, त्या खेळाचा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा.

सुरुवात करू इंग्लंडपासून. 1860 साली लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर तिथल्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली मोठी स्पर्धा भरली. पहिली गोळी झाडली राणी व्हिक्टोरियाने. रायफल आधीच एका घोडीवर नेम धरून बसवली होती, आणि राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. म्हणजे उद्घाटनाचा मान बाईचा, पण स्पर्धा मात्र पुरुषांची. कारण ती भरवली होती देशाच्या रक्षणासाठी नाव नोंदवलेल्या स्वयंसेवक सैनिकांसाठी. हे शिपाई आपापल्या पलटणीच्या गणवेशात येत. तेव्हा नेमबाजीचा पेहराव म्हणजे शिपायाचा पेहराव, असंच समीकरण होतं. ज्या खेळाचा कपडाच शिपायाचा, त्यात बाईने कुठे उभं राहायचं?

याच वर्षी, 1860 मध्ये, तिकडे अमेरिकेत ओहायो राज्यात एका गरीब घरात एक मुलगी जन्मली. पुढे ती ॲनी ओकली या नावाने जगभर गाजली. वडील लवकर वारले. लहान वयातच ती रानात शिकार करून ती विकू लागली आणि त्या पैशातून तिने आईच्या घरावरचं कर्ज फेडलं. कर्जाचा शेवटचा हप्ता फेडल्यावर जीव कसा हलका होतो, ते आपल्याला सांगायला नको. मोठेपणी ती पुरुष नेमबाजांशी पैजेच्या स्पर्धा खेळली, बफेलो बिलच्या खेळात सामील झाली आणि 1887 मध्ये लंडनलाही जाऊन आली.

आता तिच्या कपड्यांकडे बघा. ती आपले कपडे स्वतः शिवायची. पॅन्ट तिने घातली नाही. पोटरीपर्यंतचा घागरा, खाली पाय झाकणारे जाड मोजे आणि डोक्यावर टोपी, असा तिचा वेश. लांब घागऱ्यात पाय अडकतो आणि पॅन्ट घातली तर लोक नावं ठेवतात, या दोन्हींच्या मधली वाट तिने सुई-दोऱ्याने काढली. आपल्या आज्या नऊवारीचा काचा मारून शेतात उतरायच्या, तसाच हा हिशेब. काम अडू नये आणि कुणाला बोट दाखवायलाही जागा राहू नये.

विम्बल्डनची ती स्पर्धा 1890 पासून बिस्ले या गावी भरू लागली. तिथलं सगळ्यात मानाचं बक्षीस म्हणजे राजाचं बक्षीस. 1930 मध्ये ते पहिल्यांदा एका बाईने जिंकलं. तिचं नाव मार्जोरी फॉस्टर, आणि धंदा कुक्कुटपालनाचा. कोंबड्या पाळणाऱ्या या बाईने फौजेतल्या एका लेफ्टनंटला अवघ्या एका गुणाने मागे टाकलं. रिवाजाप्रमाणे विजेत्याला खुर्चीत बसवून खांद्यावर मिरवतात, तसंच तिलाही मिरवलं. आपल्या गटातही कोंबड्या पाळणाऱ्या ताई आहेत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

ऑलिम्पिकमध्ये नेमबाजी 1896 पासून, म्हणजे पहिल्या स्पर्धेपासून आहे. पण बायका तिथे पोचायला 1968 साल उजाडलं. त्या वर्षी मेक्सिकोत तीन देशांच्या तीन महिला नेमबाज पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरल्या. 1976 मध्ये मॉन्ट्रियलला अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच साथीदार लॅनी बॅशम यांचे अगदी सारखे, 1162 गुण झाले. नियमाप्रमाणे सुवर्ण बॅशमला आणि रौप्य मर्डॉकला मिळालं. पण राष्ट्रगीताच्या वेळी बॅशमने तिला हात देऊन आपल्या पायरीवर, सगळ्यात वर, उभं केलं. पुढे 1984 मध्ये लॉस एंजेलिसला महिलांसाठी वेगळ्या तीन स्पर्धा सुरू झाल्या. तरी एअर रायफल आणि एअर पिस्तुलात महिलांना 40 फैरी आणि पुरुषांना 60, असा फरक 2018 पर्यंत राहिला. त्यानंतर दोघांनाही 60 झाल्या.

आता येऊ कपड्याच्या नियमांकडे. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकात याची पुष्कळ कलमं आहेत. आम्ही ती तीन गाठोड्यांत बांधून सांगतो, म्हणजे लक्षात राहतील.

पहिलं गाठोडं सुरक्षिततेचं. पिस्तुलातून गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर उडते, आणि ती चांगलीच तापलेली असते. गळा मोठा असला तर पुंगळी आत पडते. चटका बसला की माणूस दचकून उडी मारतं, आणि त्या क्षणी हातात भरलेलं पिस्तूल असतं. बंद गळ्याचा कपडा घालायला सांगतात तो यासाठी. सॅन्डल चालत नाही, बूट लागतो. लोंबता पदर किंवा ओढणी अडकायची भीती असते. मळणी यंत्राजवळ आपण पदर खोचून, केस बांधून उभं राहतो, त्यात जी अक्कल आहे तीच इथे आहे.

दुसरं गाठोडं बरोबरीचं. रायफलवाल्यांचं जाड जाकीट तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. ते कॅनव्हास आणि चामड्याचं असतं. एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. ती उभ्याने पेलून 60 फैरी झाडायच्या, आणि 10 मीटरवरच्या निशाणाचा मधला ठिपका असतो फक्त अर्धा मिलिमीटर. छातीच्या ठोक्यानेही नेम हलतो. जाकीट पाठीला आणि कंबरेला आधार देतं. पण जाकीट जितकं ताठ तितका आधार जास्त, आणि पुरेसं ताठ केलं तर ते मोडलेल्या हाताच्या प्लास्टरसारखं अंगाला धरून ठेवेल. मग नेम माणसाचा की जाकिटाचा? ज्याच्याकडे पैसा जास्त, तो जास्त ताठ जाकीट शिवून घेणार. म्हणून नियम आला. जाकिटाच्या कापडाची जाडी अस्तरासह कुठेही अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त नको. ताठरपणा यंत्राने मोजतात. कापडावर एक किलोचा दाब दिला की ते किमान तीन मिलिमीटर खाली दबलं पाहिजे. शिवणकाम करणाऱ्या ताईंना हे लगेच कळेल. बकरम किती घालायचं, याला सरकारी माप लावल्यासारखं आहे. बंद आवळून जाकीट घट्ट करता येत नाही, साधी बटणं किंवा चेनच लागते. बुटाचा तळवाही वाकला पाहिजे. स्पर्धेनंतरसुद्धा तपासणी होते, आणि माप चुकलं तर खेळाडू बाद. मिळवलेले गुण पाण्यात.

तिसरं गाठोडं रीतभातीचं. नियमपुस्तक म्हणतं, की मैदानावर येणाऱ्या खेळाडूंनी, प्रशिक्षकांनी आणि पंचांनी सार्वजनिक कार्यक्रमाला शोभेल असा पोशाख करावा. निळी जीन्स नको. बिनबाह्यांचे बनियन नकोत. फाटक्या, ठिगळाच्या पॅन्टी नकोत. छातीवर भलतंसलतं लिहिलेले शर्ट नकोत. अर्धी पॅन्ट किंवा स्कर्ट घातला, तर त्याची कड गुडघ्याच्या मध्यापासून 15 सेंटिमीटरपेक्षा वर नको. आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत. हा शेवटचा नियम आम्हाला फार बोलका वाटतो. शिपायाच्या गणवेशातून सुरू झालेला खेळ आज सांगतो, की इथे लढाईचा वेश करून येऊ नका. बक्षीस घेताना आपल्या देशाचा किंवा संघाचा गणवेश घालावा लागतो.

आता आमचा मुद्दा नीट ऐका. हे 15 सेंटिमीटरचं माप बाईला आणि बाप्याला सारखंच आहे. अडीच मिलिमीटर जाडीही सारखीच आहे. नियम कडक असला, तरी तो सगळ्यांना सारखा आहे आणि त्यामागे कारण आहे. असा नियम पाळायला कुणाला कमीपणा वाटत नाही.

पण सगळे नियम असे नसतात. 2016 च्या डिसेंबरात इराणमध्ये तेहरानला आशियाई एअरगन स्पर्धा होती. तिथे महिलांना डोक्याला हिजाब बांधणं सक्तीचं होतं. भारताची पिस्तूल नेमबाज हीना सिद्धू हिने त्या स्पर्धेतून नाव मागे घेतलं. पाहुण्या खेळाडूवर अशी सक्ती करणं खेळाला धरून नाही, असं तिचं म्हणणं होतं. आपल्या संघातले बाकीचे खेळाडू गेले. त्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही. ज्याचा त्याचा निर्णय.

याच गोष्टीची दुसरी बाजूही बघू. 1996 मध्ये अटलांटा ऑलिम्पिकला इराणच्या संघात एकच बाई होती. ती होती नेमबाज लिदा फरिमान. हिजाब बांधून ती उतरली आणि उद्घाटनाला देशाचा झेंडा तिनेच धरला. 1979 च्या क्रांतीनंतर ऑलिम्पिकला गेलेली ती इराणची पहिली महिला. पोहणं किंवा कुस्ती त्या कपड्यात शक्य नव्हती, नेमबाजी शक्य होती. म्हणून त्या देशातल्या मुलींना याच खेळाचं दार आधी उघडलं. त्याच कपड्यामुळे हीनाने स्पर्धा सोडली, आणि तोच कपडा बांधून लिदा ऑलिम्पिकपर्यंत गेली. म्हणून आम्ही डोक्यावरच्या कपड्याला चांगलं-वाईट म्हणत नाही. तो घ्यायचा की नाही, हे त्या बाईला ठरवता येतं का, एवढंच विचारतो.

आपल्या महाराष्ट्राचं नाव या खेळात मोठं आहे. मुंबईच्या अंजली भागवत 2000 साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. त्यांची सुरुवात झाली ती एनसीसीमधून. घरात सलवार-कमीज घालणाऱ्या कितीतरी मुलींनी पहिली पॅन्ट घातली ती एनसीसीच्या गणवेशाची, आणि गणवेश म्हटल्यावर गावानेही ती चालवून घेतली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफलमध्ये जगज्जेती झाली. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. ऑलिम्पिकला ती पोचली टोकियोत, वयाच्या चाळिशीत. कोल्हापूरचीच राही सरनोबत 2018 मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. आणि 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तेव्हा त्याची आई गावची सरपंच होती.

कांबळवाडीचा मुलगा ते जाड जाकीट घालून उभा राहिला, तेव्हा हे काय घातलंय असं कुणी विचारलं नाही. मुलीने घातलं, की मात्र विचारतात. ही तफावत नियमपुस्तकात नाही, ती आपल्या ओट्यावर आहे. म्हणून ती दूर करणंही आपल्याच हातात आहे.

तुमच्या घरातली, शेजारची मुलगी सरावाला निघाली, तर एवढं बघा. बंद गळ्याचा, बाह्यांचा टी-शर्ट. अंगाला न काचणारी साधी ट्रॅक पॅन्ट. पायात बूट. केस घट्ट बांधलेले. ओढणी घरी. महागडं जाकीट पहिल्या दिवशी लागत नाही, पिस्तुलाला तर ते लागतच नाही. आणि जाकीट पुढे घ्यायची वेळ आली, तर आधी प्रशिक्षकाकडून माप आणि नियम समजून घ्या. कारण पैसे जाऊनही जाकीट तपासणीत नापास होऊ शकतं.

आणि कपड्यावरून कुणी तिला अडवलं, तर भांडू नका, शांतपणे विचारा. या नियमाचं कारण काय? तो मुलग्यालाही लागू आहे का? उत्तर मिळालं तर नियम पाळायला सांगा. उत्तर मिळालं नाही, तर तिला वेळेवर एसटीत बसवून द्या. पुढच्या मासिक बैठकीत यावर प्रत्येक गटाने दहा मिनिटं बोलावं, आणि काय ठरलं ते आम्हाला कळवावं.